काडतुसातली रिकामी जागा

पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या आणि दुसऱ्या एका स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून दाखवणाऱ्या या नेमबाजाने पुढची पिढी घडवायचं काम इथे चालवलं आहे. कोल्हापूरच्या शाहू मानेने २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं, तोही त्यांचाच विद्यार्थी. इथल्या मुलामुलींच्या हातात असते ती १० मीटरची एअर रायफल. तिचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. समोरच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छर्ऱ्याहून कितीतरी लहान.

एअर रायफलमध्ये दारू नसते, स्फोट नसतो. टाकीतली दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. तरीही प्रत्येक छर्रा नळीच्या मागच्या टोकाशी सारखाच, पुरता आत गेला पाहिजे, हे पहिल्या दिवसांतच शिकवलं जातं. एक छर्रा पूर्ण बसला आणि दुसरा किंचित बाहेर राहिला, तर दोघांचा वेग सारखा राहत नाही. इथे चुकीची किंमत फार तर एखादा गुण. पण हवेच्या जागी दारू आली, की गोळी किती आत बसली आहे हा प्रश्न गुणांचा राहत नाही. नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर किती दाब तयार होणार, हे त्यावर ठरतं. हे प्रकरण त्या दाबाविषयी आहे.

रायफलच्या काडतुसाचे भाग चार: पितळी केस, तिच्या बुडाशी प्रायमर म्हणजे टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. जगातल्या अनेक देशांत नेमबाज वापरलेली पितळी केस पुन्हा घेतात, नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी घालून काडतूस स्वतः तयार करतात. याला हँडलोडिंग म्हणतात. यातली शेवटची पायरी म्हणजे प्रेस या यंत्राचा दांडा खाली ओढून सीटिंग डायच्या मदतीने गोळी केसच्या मानेत बसवणं. डायवरचा स्क्रू थोडा फिरवला की गोळी थोडी जास्त किंवा थोडी कमी आत जाते. दारू मोजताना माणूस श्वास रोखून बसतो, पण हा स्क्रू मात्र पुष्कळदा सहज फिरवला जातो. दारूचा एक कणही न वाढवता दाब वाढवता येतो, हे इथे लक्षात यायला हवं.

आधी दाब म्हणजे केवढा ते पाहू. पेट्रोल पंपावर गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरून घेतो. ३०० मीटरवरच्या नेमबाजीत आणि शिकारीच्या रायफलींत जगभर चालणारं .३०८ विंचेस्टर हे काडतूस घ्या. अमेरिकेतल्या ‘सामी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने त्याची कमाल सरासरी मर्यादा ६२,००० पीएसआय ठेवली आहे. टायरच्या सुमारे २,००० पट! आणि हा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात चढतो. दाब शिगेला पोचतो तेव्हा गोळी नळीत काही सेंटीमीटरच पुढे सरकलेली असते. म्हणजे जे काही बिघडायचं ते अगदी सुरुवातीलाच, नेमबाजाच्या चेहऱ्याजवळच्या भागात बिघडतं.

हा दाब नेमका येतो कुठून? धूरविरहित दारूचे दाणे उघड्यावर पेटवले तर भसकन जळतात, फुटत नाहीत. बंद जागेत मात्र त्यांची चाल बदलते. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिए यांनी लष्करासाठी पहिली यशस्वी धूरविरहित दारू तयार केली आणि तिच्या जळण्याचा नियमही मांडला: भोवतीचा दाब वाढला की दाण्याच्या जळण्याचा वेग वाढतो. वेग वाढला की वायू जास्त वेगाने तयार होतो, त्यामुळे दाब आणखी चढतो आणि जळणं आणखी भडकतं. ही साखळी आवरणारी गोष्ट एकच, जागा. गोळी पुढे सरकते, तिच्यामागची पोकळी वाढते, वायूला पसरायला वाव मिळतो. काडतुसाच्या आत खरी शर्यत लागते ती वायू तयार होण्याच्या वेगाची आणि जागा वाढण्याच्या वेगाची. उत्तम काडतुसात ही शर्यत जवळपास बरोबरीत चालते. ती सुरू होते तेव्हा हातात असलेली जागा म्हणजे केसमधला गोळीच्या मागचा भाग. गोळी खोल बसवली की तीच जागा घटते.

इथे थोडा हिशेब करायलाच हवा, कारण या विषयातले बरेच गैरसमज हिशेब न केल्याने झाले आहेत. ९ मिलिमीटर पिस्तुलाचं काडतूस घ्या. त्याच्या केसमध्ये काठोकाठ पाणी भरलं तर साधारण ०.८६ मिलिलिटर मावतं. गोळी बसवल्यावर तिच्यामागे उरते अंदाजे ०.५५ मिलिलिटर जागा. गोळीचा व्यास ९ मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे तिचा छेद ०.६४ चौरस सेंटीमीटर. आता ती पाऊण मिलिमीटर जास्त आत ढकला. जवळपास ०.०५ मिलिलिटर जागा गेली. आकडा क्षुल्लक दिसतो, पण उरलेल्या जागेच्या तो ९ टक्के आहे.

तोच हिशेब .३०८ साठी. केसची धारणा साधारण ३.६ मिलिलिटर, गोळीमागे उरणारी जागा सुमारे ३.२. गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर, छेद ०.४८ चौरस सेंटीमीटर. तेवढीच पाऊण मिलिमीटर खोली वाढवली तर जागा घटते एका टक्क्याच्या आसपास.

ढकललं सारखंच, पण एकीकडे ९ टक्के आणि दुसरीकडे १. त्यातच पिस्तुलाची दारू जलद जळणारी असते, कारण आखूड नळीत तिला वेळच मिळत नाही. आणि जलद दारू जागेच्या कमतरतेला फार तीव्र उत्तर देते. स्पिअर या अमेरिकी कंपनीच्या रीलोडिंग मॅन्युअलमध्ये ९ मिलिमीटरच्या काडतुसाची एक चाचणी दिली आहे. तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून दाब काढण्याच्या पद्धतीने २८,००० एककं दाब देणारं काडतूस, गोळी मुद्दाम ०.०३० इंच म्हणजे पाऊण मिलिमीटर खोल बसवल्यावर ६२,००० वर गेलं. दारू तीच, गोळी तीच, टोपी तीच. व्हिए यांच्या साखळीचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. जागा ९ टक्क्यांनी घटली आणि दाब दुपटीच्या पुढे गेला.

हे वाचून ‘खोल बसवणं म्हणजे नेहमीच जास्त दाब’ असा नियम कोणी मनाशी बांधला, तर रायफलच्या बाबतीत तो फसेल. रायफलमध्ये खोलीचा दुसरा, उलट दिशेने चालणारा परिणाम असतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठा ठरतो.

रायफलच्या नळीत आतून पिळदार आटे कोरलेले असतात. गोळी त्यांत दाबली जाते, तिच्यावर चरे उमटतात आणि तिला फिरकी मिळते. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, पुढे थोडी गुळगुळीत वाट असते आणि मग आट्यांमधले उंचवटे सुरू होतात. काडतूस चेंबरमध्ये गेल्यावर गोळीचा खांदा (जिथून ती निमुळती होते तो भाग) आणि हे उंचवटे यांच्यात जे अंतर उरतं त्याला नेमबाज ‘जंप’ म्हणतात. गोळी खोल बसवली की जंप वाढते, बाहेर ठेवली की कमी होते, आणि फारच बाहेर ठेवली तर बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा दांडा, लावतानाच गोळी उंचवट्यांत रुतते.

रुतलेल्या गोळीपुढे सुरुवातीलाच अडथळा असतो. केसच्या मानेची पकड सोडायची आणि त्याच क्षणी आट्यांत शिरायचं, अशी दोन कामं तिला जागच्या जागी, शून्य वेगातून करावी लागतात. ती अडखळते, मागची जागा वाढत नाही, दारू मात्र जळतच राहते. शर्यतीत वायू पुढे निघतो आणि दाब काही हजार पीएसआयने चढू शकतो. उलट, गोळीला दीड-दोन मिलिमीटर मोकळी धाव मिळाली तर ती कमी दाबातच केस सोडते, थोडा वायू तिच्या बाजूने निसटतो, जागा लवकर वाढते आणि ती आट्यांवर आदळते तेव्हा तिच्याकडे वेग असतो. दाबाचं शिखर खाली येतं. अमेरिकेत रॉय वेदरबी यांनी आपल्या शक्तिशाली मॅग्नम काडतुसांच्या रायफलींना मुद्दाम लांब मोकळी वाट ठेवली, ती याच तत्त्वावर. जास्त दारू भरूनही दाब आवाक्यात ठेवायची ती युक्ती होती.

मिशिगन विद्यापीठातले लॉईड ब्राउनेल यांनी १९६० च्या दशकात रायफलच्या काडतुसांतल्या दाबाचा शिस्तशीर अभ्यास केला. गोळी आट्यांना टेकलेल्या स्थितीपासून क्रमाक्रमाने आत नेली तर दाब आधी उतरतो, एका तळाला पोचतो आणि मग पुन्हा चढू लागतो. उतरतो तो जंपमुळे, चढतो तो जागा घटल्यामुळे. हा खोलगट वक्र एकदा डोळ्यांसमोर आला की या विषयावरचं निम्मं भांडण मिटतं. ‘खोल बसवल्याने माझा दाब कमी झाला’ म्हणणारा आणि ‘माझा वाढला’ म्हणणारा, दोघेही खरं सांगत असतात; ते वक्राच्या वेगवेगळ्या बाजूंना उभे असतात. पिस्तुलाच्या काडतुसात मात्र उतरता भाग जवळपास नसतोच, कारण मुळात जागाच इवलीशी.

तेव्हा खोलीचा एखादा आकडा सुटा उचलून वापरता येत नाही. तो त्या गोळीच्या आकाराशी, त्या केसच्या जाडीशी, त्या दारूशी आणि त्या एका नळीशी बांधलेला असतो. मॅन्युअलमध्ये काडतुसाची एकूण लांबी दिलेली असते; .३०८ साठी कमाल २.८१० इंच, म्हणजे ७१.३७ मिलिमीटर. पण ती टोकापर्यंतची लांबी. मॅच म्हणजे स्पर्धेच्या गोळ्यांचं टोक वरचं धातूचं जॅकेट चेपून बनवतात आणि एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या टोकांत फरक सापडतो. आट्यांना टेकतो तो गोळीचा खांदा, टोक नव्हे. म्हणून जाणकार नेमबाज कॅलिपरला कंपॅरेटर लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घेतात. शिवाय गोळी बदलली की सगळंच बदलतं. एकाच वजनाच्या दोन गोळ्या, एक बोथट शिशाची आणि दुसरी निमुळती तांब्याची. तांबं शिशाहून हलकं असल्याने तांब्याची गोळी लांब होते. एकूण लांबी तीच ठेवली तर लांब गोळीचं बूड दारूत खोल शिरतं. आकडा पाळला, पण जागा गमावली.

नळीही स्थिर राहत नाही. प्रत्येक बाराबरोबर तापलेला वायू आट्यांची सुरुवात झिजवतो आणि हजारो बारांनंतर उंचवटे पुढे सरकलेले असतात. अचूकतेच्या मागे असलेला नेमबाज मग गोळी थोडी थोडी बाहेर घेत त्यांचा पाठलाग करतो. हे काम नोंदवहीशिवाय करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. बाहेर घेतलेली तीच लांबी नव्या नळीत वापरली, तर गोळी थेट आट्यांत रुतेल.

कोकणातल्या माणसाला यातलं बरंच वेगळ्या वाटेने माहीत आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत रानडुकरं आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे किंवा गोळी आणि पुन्हा बोळा. सगळं गजाने ठासून बसवायचं. इथे धोका उलटा असतो. गोळी दारूवर नीट टेकली नाही, मधे पोकळी राहिली, तर बार उडताना वायू आधी वेगाने धावतो आणि अडलेल्या गोळीच्या मागे येऊन थडकतो. त्या जागी नळी फुगते, कधी फाटते. म्हणून ठासणीची बंदूक वापरणारे जगभर गजावर खूण करून ठेवतात; भरलेल्या नळीत गज त्या खुणेपर्यंत उतरला तरच गोळी तळाशी बसली.

काडतुसात जागा कमी पडली तर धोका, ठासणीत नको तिथे जागा उरली तर धोका. दोन्हीकडे कारण तेच: वायू तयार होण्याचा वेग आणि वस्तूच्या हलण्याचा वेग यांचा मेळ चुकला. मोठ्या रायफल केसमध्ये सावकाश जळणारी दारू फार थोडी भरली तरी दाब अनपेक्षितपणे उसळल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यामुळे दारू उत्पादक किमान मात्राही छापतात. ‘कमी दारू म्हणजे सुरक्षित’ हा समज म्हणूनच टाकून द्यावा लागतो.

हाच मेळ कारखान्यात कसा साधतात ते आता पाहू. पनवेलहून घाट चढून पुण्याला गेलं की खडकी लागते. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४ मधला, लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी उभारलेला. २०२१ पासून हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत आहेत. परवानाधारक नागरिकांना .३१५ चं काडतूस हाताळताना बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात, ती खडकीची, जुन्या ‘किर्की’ची खूण. हे .३१५ मुळात ऑस्ट्रियाचं ८ मिलिमीटर मानलिखर काडतूस, लष्कराच्या .३०३ चा दारूगोळा नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजी अमलात ते भारतात रुजलं.

लाखोंनी काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यात एकेका नळीची जंप पाहत बसता येत नाही. तिथे प्रश्न सोडवतात तो खोली पक्की करून. लष्करी गोळीला भोवती एक खाच असते, केसचं तोंड त्या खाचेत दाबून बसवतात, मानेत डांबरी लेप भरतात आणि नमुन्याची काडतुसं घेऊन गोळी उपटायला किती जोर लागतो ते मोजतात. ही पकड फक्त ओल बाहेर ठेवण्यासाठी नसते. स्वयंचलित शस्त्रात काडतूस मॅगझिनमधून उसळून चेंबरच्या उतारावर आपटतं. पकड सैल असेल तर त्या धक्क्याने गोळी मागे सरकते आणि पुढच्याच क्षणी तिच्यामागे कमी झालेल्या जागेत दारू पेटते.

आपल्याकडे हँडलोडिंग हा घरच्या टेबलावरचा छंद नाही, आणि नसावाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्याविना तो बनवणं गुन्हा आहे. खेळ म्हणून नेमबाजी मात्र आपल्याकडे रुजली आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. त्यांचं घराणं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं, म्हणजे कोकणातलंच. त्यांच्या नावाने होणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेत मोठ्या बोअरच्या रायफलींचे प्रकारही असतात.

ऑलिंपिकमधून ३०० मीटर रायफल १९७२ नंतर गेली आणि आता ५० मीटरवर .२२ चालते. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ही आपली माणसं याच काडतुसावर घडली. .२२ मध्ये टोपी वेगळी नसते, ज्वलनशील मिश्रण केसच्या काठातच भरलेलं असतं. ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. म्हणजे खोली ठरवायचा हक्क नेमबाजाकडे नसतो. मग तो करतो काय, तर आपली रायफल घेऊन काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटची चाचणी करतो आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट उचलतो. मॅच रायफलचं चेंबर इतकं आवळ असतं की बोल्ट लावतानाच मऊ शिशाच्या गोळीवर आट्यांची खूण उमटते, जंप शून्य. .२२ ची मर्यादाच २४,००० पीएसआय असल्याने आणि चेंबर तसंच धरून लॉट निवडल्याने ते चालून जातं. .३०८ मध्ये असं करायचं तर दारू आधी कमी करावी लागते.

ज्याला काडतूस बनवायचंच नाही, त्याचाही या खोलीशी संबंध येतो. पिस्तूल रोज भरून रोज रिकामं करायची सवय पुष्कळांना असते: ड्यूटीवरचे पोलीस, परवान्याचं .३२ पिस्तूल बाळगणारे. दरवेळी वरचं तेच काडतूस चेंबरमध्ये जातं, दरवेळी त्याचं नाक उतारावर आपटतं आणि गोळी केसात कणाकणाने मागे सरकत राहते. वरून काही दिसत नाही. पण ते काडतूस डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी सपाट काचेवर उभं करून पाहा, आखूड झालेलं असेल तर लगेच कळतं. असं काडतूस पुन्हा भरू नये, घरी उघडू नये आणि गोळी ओढून पूर्वीच्या जागी आणायचा खटाटोप तर मुळीच करू नये. मानेची पकड एकदा गेली की ती परत येत नाही. ते वेगळ्या डबीत ठेवून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा शस्त्रागारात जमा करावं. आणि चांगली काडतुसंही आळीपाळीने वर-खाली करावीत, म्हणजे सगळे धक्के एकाच काडतुसाच्या वाट्याला येत नाहीत.